पहिल्या वर्षी प्रवेशिका मागवू नका : गौरेतर स्त्रियांच्या शॉर्टफिल्म्सचा छोटा महोत्सव कसा भरवावा

महोत्सव भरवायचा ठरला की बहुतेक मंडळी आधी लोगो करतात. मग फिल्मफ्रीवे या महोत्सवांच्या प्रवेशिका घेणाऱ्या साइटवर पान उघडतात आणि जगभरातून प्रवेशिका मागवतात. बघता बघता फिल्म्सचा ढीग साचतो. बघायला माणसं तीन, त्यातल्या दोघी नोकरी करणाऱ्या, तिसरीच्या घरी तान्हं मूल. शेवटी घाईघाईत निवड होते, नाकारलेल्यांना साधं उत्तरही जात नाही आणि ज्या बायकांसाठी हा सगळा खटाटोप केला त्याच नाराज होतात.

म्हणून पहिला सल्ला हाच: पहिल्या वर्षी प्रवेशिका मागवू नका. विमेन ऑफ कलर, म्हणजे कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिना, आदिवासी अशा गौरेतर बायकांनी केलेल्या उत्तम शॉर्टफिल्म्स निदान पन्नास वर्षांपासून तयार होत आल्यात. त्या वितरकांच्या यादीत आहेत, भाड्यानं मिळतात आणि तुमच्या शहरातल्या जवळजवळ कुणीच त्या पाहिलेल्या नाहीत. त्यातल्या चार-पाच निवडा आणि एक संध्याकाळ नीट करा.

हा लेख मुख्यतः अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम शहरात, सार्वजनिक लायब्ररीच्या किंवा कॉलेजच्या हॉलमध्ये असा कार्यक्रम करू पाहणाऱ्यांसाठी आहे. पुण्यात, कोल्हापुरात करणार असाल तर परवानग्यांचं प्रकरण वेगळं. ते पुढे येईलच.

आधी थोडा इतिहास, कारण तो कामाला येतो

१९७६ साली न्यूयॉर्कमध्ये सोजर्नर ट्रुथ फेस्टिव्हल ऑफ द आर्ट्स नावाचा कृष्णवर्णीय स्त्री-दिग्दर्शकांचा महोत्सव झाला. भरवणाऱ्या होत्या लेखिका मिशेल वॉलेस, त्यांच्या चित्रकार आई फेथ रिंगगोल्ड, समीक्षक मार्गो जेफरसन, कवयित्री पॅट्रिशिया स्पीअर्स जोन्स आणि फिल्ममेकर मोनिका फ्रीमन. यातली फिल्म बनवणारी एकटी मोनिका. बाकीच्या लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या. आपण फिल्मवाल्या नाही म्हणून मागे राहणाऱ्यांनी ही यादी लक्षात ठेवावी. पुढे तो महोत्सव जवळपास विस्मरणातच गेला आणि २०२३ मध्ये शिकागो विद्यापीठात त्याच नावानं पुन्हा फिल्म्स दाखवल्या गेल्या, चर्चा झाल्या.

आजचा नमुना बघायचा असेल तर सॅन फ्रान्सिस्कोला जा. मॅडलिन लिम यांनी २००० साली तिथे क्वीअर विमेन ऑफ कलर मीडिया आर्ट्स प्रोजेक्ट ही संस्था सुरू केली. संस्था फिल्म बनवायला फुकट शिकवते आणि जूनमध्ये महोत्सव भरवते, त्यालाही तिकीट नाही. त्यांच्याकडून उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे शिकवणं आणि दाखवणं एकाच हाताखाली असणं. पण ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी. आत्ता फक्त बघून या.

पायरी पहिली: कुणाच्या फिल्म्स, हे एका ओळीत लिहा

'गौरेतर स्त्रियांविषयीच्या फिल्म्स' आणि 'गौरेतर स्त्रियांनी दिग्दर्शित केलेल्या फिल्म्स' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ओळ घेतलीत तर गोऱ्या पुरुषानं धारावीत येऊन केलेली डॉक्युमेंटरीही आत येते. दुसरीच घ्या. ती पोस्टरवर छापा, म्हणजे नंतर वाद नको.

भारतीय बायका यात येतात का, हा प्रश्न मराठी मंडळींच्या बैठकीत हमखास निघतो. अमेरिकेत येतात, तिथला वर्णभेद तुमची जात विचारत बसत नाही. पण तोच कार्यक्रम पुण्यात केलात तर पुण्यातली सवर्ण दिग्दर्शिका आपोआप 'वंचित' ठरत नाही. तिथे दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजातल्या बायकांनी स्वतः केलेलं काम शोधायला हवं. नाहीतर अमेरिकेतला शब्द आणून आपलीच जागा पक्की केल्यासारखं होतं. माझ्या मते या मुद्द्यावर समितीत भांडण झालं तरी चालेल, पण ते पोस्टर छापायच्या आधी व्हावं.

कुणाकडे पुरावा मात्र मागू नका. दिग्दर्शिका स्वतःची ओळख जशी सांगते तशी घ्यायची.

पायरी दुसरी: फिल्म्स निवडा (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

एका संध्याकाळी पासष्ट ते पंचाहत्तर मिनिटांच्या फिल्म्स पुरतात. वर चर्चा, चहा, उशिरा सुरू होणं धरून दोन तास होतातच. शॉर्टफिल्म छोटी असली तरी प्रत्येक वेळी प्रेक्षकाला नव्या माणसांत, नव्या जागी जाऊन बसावं लागतं. सहाव्यांदा ते करायला सांगितलं की लोक फोन काढतात.

नमुना म्हणून काही फिल्म्स सांगते.

झैनाबू आयरीन डेव्हिस यांची 'सायकल्स' (१९८९, १७ मिनिटं, कृष्णधवल). एक बाई पाळीची वाट बघतेय. तेवढीच गोष्ट. वाट बघता बघता ती घर घासते, पुसते, अंघोळ करते. मधेच स्थिरचित्रांचा खेळ, पाठीमागे बायकांचे आवाज आणि भरपूर मिश्किलपणा. पाळी आली की 'बाहेर बसणं' ज्यांनी आजीच्या घरी पाहिलंय त्यांना ही फिल्म वेगळीच लागते, कारण इथे सगळी साफसफाई पाळीच्या स्वागतासाठी चाललीय. सुरुवातीला लावायला याहून चांगली फिल्म मला माहीत नाही.

अलानिस ओबोमसाविन यांची 'ख्रिसमस ॲट मूस फॅक्टरी' (१९७१, १३ मिनिटं). कॅनडाच्या उत्तरेतल्या जेम्स बे भागातली, निवासी शाळेतल्या क्री या आदिवासी समाजाच्या मुलांनी खडूनं काढलेली चित्रं आणि त्यांचेच आवाज. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या साइटवर ती फुकट बघता येते. आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या या निवासी शाळांबद्दल जे आज माहीत आहे ते मनात ठेवून बघितली की त्या रंगीत चित्रांचा अर्थ बदलतो, आणि त्यासाठी फिल्मला एक अक्षरही वाढवावं लागत नाही.

प्रतिभा परमार यांची 'सारी रेड' (१९८८, सुमारे १२ मिनिटं). इंग्लंडमध्ये १९८५ साली वंशद्वेषी हल्ल्यात मारल्या गेलेल्या एका भारतीय वंशाच्या तरुणीच्या स्मृतीसाठी केलेली व्हिडिओ-कविता.

एनगोझी ओनवुरा यांची 'कॉफी कलर्ड चिल्ड्रन' (१९८८, साधारण १५ मिनिटं) फार चांगली आणि फार जड आहे. मिश्रवंशीय मुलं अंगाचा रंग जावा म्हणून भांडी घासायच्या पावडरीनं अंग घासतात. गोरेपणाच्या क्रीमवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हे परकं वाटू नये. पण ती आणि 'सारी रेड' एकाच संध्याकाळी, एकामागोमाग लावू नका.

जूली डॅश यांची 'इल्युजन्स' (१९८२, ३४ मिनिटं) लांब आहे, पण मराठी प्रेक्षक असतील तर मोह आवरत नाही. १९४२ सालचा हॉलिवूडचा स्टुडिओ. पडद्यावर गोरी नटी गाते आहे आणि तिला आवाज द्यायला एका काळ्या गायिकेला बोलावलंय. ती अंधाऱ्या रेकॉर्डिंग रूममध्ये उभी राहून पडद्यावरच्या ओठांबरहुकूम गाते. आपल्याकडे प्लेबॅक ही मानाची गोष्ट, गायिकेचं नाव नटीच्या आधी घेतलं जातं. इथे त्याच कामात गायिका पुसली जाते. शिवाय तिच्याकडे बघत उभी असलेली स्टुडिओतली अधिकारी बाईसुद्धा काळीच आहे; सगळे तिला गोरी समजतायत आणि ती बोलत नाही.

आणि मग आपलं. युगांतर ही दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी १९८० मध्ये सुरू केलेली संस्था. भारतातला पहिला स्त्रीवादी फिल्मगट म्हणून तिचं नाव घेतात. त्यांची पहिली फिल्म 'मोलकरीण' (१९८१, २५ मिनिटं) पुण्यातल्या घरकामगार बायकांच्या संघटनेवरची, आणि 'तंबाखू चाकीला ऊब आली' (१९८२, तीही २५ मिनिटं) निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवरची. दोन्हींत बायका मराठीत बोलतात. बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेनं या फिल्म्स जपून डिजिटल केल्यामुळे आता त्यांच्या चांगल्या प्रती आहेत.

'मोलकरीण'ला जोड शोधायची तर मॅडलिन अँडरसन यांची 'आय ॲम समबडी' (१९७०, सुमारे अर्धा तास). दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये १९६९ साली हॉस्पिटलच्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय कामगारांनी संप केला, बहुतेक सगळ्या बायका. या दोन फिल्म्स पाठोपाठ लावल्या की वेगळं प्रास्ताविक लागत नाही. दोन्हीकडे बायका दुसऱ्यांची माणसं आणि घरं सांभाळतात, आणि दोन्हीकडे मालकांना पहिला धक्का बसतो तो या बोलतात याचाच. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला येणाऱ्या काकूंना 'मोलकरीण' दाखवताना हॉलमध्ये थोडी चुळबूळ होईल. होऊ द्या.

नव्यांपैकी पायल कपाडिया यांची 'आफ्टरनून क्लाउड्स' (२०१७, १३ मिनिटं) पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकत असताना केलेली. एक विधवा काकी आणि तिच्या घरी काम करणारी मुलगी, एक दुपार. फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात ती दाखवली गेली होती. २०२४ मध्ये कपाडिया यांना कानचा ग्रां प्री हा मोठा पुरस्कार मिळाल्यापासून त्यांचं नाव पोस्टरवर असलं की चार माणसं जास्त येतात.

निवड करताना एक पथ्य पाळा. सगळ्याच फिल्म्स सोसण्याच्या नकोत. अशा महोत्सवांना हा रोगच आहे: बलात्कार, हुंडा, वर्णद्वेष, मग चर्चा, मग जड मनानं घरी. विनोद, प्रेम, आळस, भूक हे सगळं या बायकांनी चित्रित केलंय. ते शोधायला दोन आठवडे जास्त लागतील, एवढंच.

पायरी तिसरी: क्रम लावा

मैफल भैरवीनं सुरू करत नाहीत, तसंच इथे. पहिली फिल्म हलकी आणि तयार हवी, कारण दहा मिनिटं दार वाजतच राहणार. सगळ्यात जड फिल्म तिसरी ठेवा. शेवटची अशी हवी की दिवे लागल्यावर लोकांना काही बोलावंसं वाटेल. नुसतंच गप्प करणारी फिल्म चर्चेच्या आधी लावली तर पुढची पाच मिनिटं निवेदिकेच्या जिवावर.

वरच्या यादीतून एक क्रम: 'सायकल्स', 'ख्रिसमस ॲट मूस फॅक्टरी', 'सारी रेड', 'मोलकरीण'. सुमारे ६७ मिनिटं. दोन फिल्म्सच्या मध्ये पंधरा-वीस सेकंद काळा पडदा राहू द्या. श्रेयनामावली कापू नका. अशा फिल्म्समध्ये अर्ध्या युनिटची नावं जगात दुसरीकडे कुठे छापलेलीच नसतात.

पायरी चौथी: परवानगी आणि पैसे

घरी बघायला मिळणारी फिल्म चारचौघांत दाखवायला परवानगी लागते. डीव्हीडी विकत घेतलीय, साइटवर फुकट आहे, आम्ही तिकीट लावत नाही, यातलं काहीही चालत नाही. अमेरिकन कायद्यात वर्गातल्या प्रत्यक्ष शिकवण्यापुरती सूट आहे. लायब्ररीतला जाहीर कार्यक्रम त्यात बसत नाही. तुम्हाला सार्वजनिक प्रदर्शनाचे हक्क हवेत, त्या एका दिवसापुरते.

ते कुणाकडे मागायचे? न्यूयॉर्कची विमेन मेक मूव्हीज ही १९७२ पासूनची वितरण संस्था पहिली बघा. 'इल्युजन्स', 'सारी रेड' अशा फिल्म्स त्यांच्या यादीत आहेत. न्यूयॉर्कचीच थर्ड वर्ल्ड न्यूजरील, लंडनची सिनेनोव्हा, कॅनडासाठी नॅशनल फिल्म बोर्ड. जिथे वितरक सापडत नाही तिथे थेट दिग्दर्शिकेला लिहा. बहुतेकींची स्वतःची साइट असते.

मेलमध्ये तारीख, जागा, खुर्च्या किती, तिकीट आहे की नाही, संस्था नफ्याची की बिननफ्याची आणि कुठल्या फिल्म्सच्या सोबतीनं दाखवणार हे सगळं पहिल्याच वेळी लिहा. 'आमचं बजेट अमुक आहे' हेही लिहा. लाजायचं काही नाही. छोट्या कार्यक्रमांसाठी दर कमी होतो, पण विचारलं तरच. उत्तर यायला महिना लागू शकतो म्हणून निदान तीन महिने आधी सुरुवात करा.

फुकट मागू नका. 'तुम्हाला एक्स्पोजर मिळेल' हे वाक्य या बायकांनी आयुष्यभर ऐकलंय. हॉल फुकट मिळतो, समोसे कुणीतरी घरून करून आणतं, ढोलवाल्यांना मात्र आपण रोख देतो आणि दिग्दर्शिकेला टाळ्या! हिशेब मांडताना पहिली ओळ फिल्म्सच्या शुल्काची घाला, उरलं तर पोस्टर रंगीत करा.

भारतात करणार असाल तर थोडक्यात: जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांना १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते; तिच्यासाठी अर्ज फिल्म्सच्या यादीसह आणि बराच आधी करावा लागतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे एखाद्या नोंदणीकृत फिल्म सोसायटीला बरोबर घेणं. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हे काम करतंय आणि या कागदपत्रांची सवय असलेली माणसं अशा सोसायट्यांतच भेटतात.

पायरी पाचवी: तारीख

आठ मार्च टाळा. त्या आठवड्यात प्रत्येक हॉल, प्रत्येक वक्ती आणि प्रत्येक कंपनीचा एचआर विभाग बायकांच्याच कार्यक्रमात असतो. फेब्रुवारीत अमेरिकेत ब्लॅक हिस्टरी मंथ असल्यानं काळ्या दिग्दर्शिकांची तीच अवस्था. मराठी प्रेक्षक हवे असतील तर गणपती, नवरात्र आणि दिवाळीचे शनिवार मंडळाच्या कॅलेंडरवरून आधी खोडा. मग जे उरतं त्यात एप्रिलचा शेवट मला बरा वाटतो.

पायरी सहावी: मशीन

थिएटर असेल तर डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीची डिजिटल प्रत, मागतील. लायब्ररीत लॅपटॉपवर एमपीफोर किंवा प्रोरेस फाइल चालते. फायली पेनड्राइव्हवरून थेट लावू नका, लॅपटॉपवर उतरवून घ्या; इंटरनेटवरून तर कधीच नाही.

जुन्या सोळा एमएमच्या फिल्म्स चारास तीन आकारात असतात. प्रोजेक्टर त्यांना ताणून रुंद करतो आणि सगळ्या बायका बुटक्या, जाड दिसायला लागतात. आश्चर्य म्हणजे प्रेक्षकांतलं कुणी तक्रार करत नाही, म्हणून हे तुम्हीच बघायचं. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल' निवडा, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या की बरोबर झालं.

दुसरी भानगड आवाजाची. १९७१ ची फिल्म पुटपुटते आणि २०१७ ची नीट ऐकू येते. आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये प्रत्येक फिल्मची पहिली दोन मिनिटं लावून, कुठल्या फिल्मला आवाजाचा खटका कितीवर हे कागदावर लिहून ठेवा. तो कागद जिच्याकडे, तीच यंत्रापाशी बसेल. ऐन वेळी कुणाच्या नवऱ्याला 'जरा बघता का' म्हणायचं नाही. लॅपटॉपची झोप, नोटिफिकेशन आणि व्हीएलसी प्लेअरवर येणारं फाइलचं नाव बंद करा.

सबटायटल्स सगळ्या फिल्म्सना हवीत, इंग्रजी फिल्म्सनासुद्धा. ऐकू कमी येणारे असतात, आणि चार्ल्सटनचा उच्चार शिकागोतल्यांनाही कळेलच असं नाही. मराठी सबटायटल्स करणार असाल तर हक्कधारकाची परवानगी घ्या, एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर नको, आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा. काही प्लेअर जोडाक्षरं फोडून दाखवतात, 'स्त्री'चं 'स् त् री' होतं. तसं दिसलं तर अक्षरं चित्रातच पक्की करून घेणं उत्तम.

पायरी सातवी: बोलणं

निवेदन दोन मिनिटं. जड फिल्म असेल तर काय दिसणार आहे ते आधी एका वाक्यात सांगा, म्हणजे ज्याला बाहेर जायचंय तो जाईल. फिल्मचा अर्थ आधीच सांगून टाकू नका.

चर्चेसाठी दिग्दर्शिका मिळाली नाही तरी अडत नाही. 'मोलकरीण' लावलीत तर तुमच्या शहरातल्या घरकामगारांच्या संघटनेतली एखादी कार्यकर्ती बोलवा. अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या शहरांत अशा संघटना आहेत. तिलाही मानधन द्या आणि गाडीभाडं वेगळं. निवेदिकेनं तीन प्रश्न तयार ठेवावेत, तेही फिल्ममधल्या एखाद्या दृश्याबद्दल: 'अमुक दृश्यात अचानक आवाज का बंद होतो?' अशा धर्तीचे. 'तुम्हाला कसं वाटलं?' म्हटलं की पहिल्या रांगेतले काका उठतात आणि आपल्या मुलीच्या एमबीएपर्यंत पोचतात. माइक फिरवायला कुणाला तरी ठेवा आणि तो तिच्या हातातून सुटू देऊ नका.

दुसऱ्या वर्षी

आता प्रवेशिका मागवायला हरकत नाही. वीस मिनिटांची मर्यादा घाला. आपल्या राज्यातल्या दिग्दर्शिकांना शुल्क माफ करा. प्रत्येक फिल्म दोघींनी पूर्ण बघायची आणि नाकारलेल्या प्रत्येकीला तारखेच्या आत उत्तर द्यायचं, एवढं जमणार असेल तरच पान उघडा. निवडलेल्यांना शुल्क द्यायचं हा नियम प्रवेशिकेच्या अर्जातच लिहा, म्हणजे तो नंतर मोडता येत नाही.

आणि पहिल्या वर्षीचा कार्यक्रम झाल्या झाल्या, आठवड्याच्या आत: प्रत्येक हक्कधारकाला किती माणसं आली ते कळवा, पैसे पाठवा, पोस्टरचा आणि भरलेल्या हॉलचा फोटो जोडा. लॅपटॉपवरच्या फायली पुसून टाका आणि पुसल्या हेही त्याच मेलमध्ये लिहा. पुढच्या वेळी परवानगी त्याच मेलच्या खाली 'रिप्लाय' दाबून मागता येते.